मत्तावाचन

भानुदास थिटे तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या उतरत होता आणि मी चढत होते. त्याच्या हातात कागदांची सुरळी होती. मला बघून तो थांबला, सुरळी काखेत मारली आणि हसला.

"काय वहिनी, यंदाच्या वाचनाची तयारी झाली का न्हाई?"

"कसली तयारी? दरवर्षीचंच," मी म्हटलं.

"बघू की. मी पयल्याच रांगेत बसनार हाय."

एवढं बोलून तो सायकलवर टांग टाकून गेला. मी उरलेल्या पायऱ्या न चढताच परत फिरले. शाळेच्या फाटकाशी आमच्या रखवालदाराने, हुसेनभाईने, विचारलं, "कलाबाई, एक चप्पल कुठं टाकून आलात?" तेव्हा मी खाली बघितलं. डावा पाय अनवाणी होता. तलाठी कार्यालयापासून शाळेपर्यंत भर उन्हात मी एका चपलेने चालत आले होते आणि मला पत्ता नव्हता.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि सावळेगावच्या बधिर मुलींच्या निवासी शाळेत कारकून होते. शाळा काढली होती रजनीताई उपळेकरांनी. लग्न केलेलं नाही, पुण्यातली एक भाची सोडली तर मागे-पुढे कुणी नाही, आवाज खणखणीत आणि नाकावर राग. चाळीस मुली आणि आम्ही नऊ माणसं त्यांच्या धाकात असायचो, आणि त्यांच्या आधारानेही.

आमच्या शाळेची एक चाल होती. दुसऱ्या कुठल्या संस्थेत ती मी तरी ऐकली नाही. दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी, भर आठवडी बाजारात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर शाळेचा वर्षाचा हिशेब मोठ्याने वाचला जायचा. कुणी काय दिलं, कशावर गेलं, किती उरलं. तो संपला की शाळेतलं एकेक माणूस उभं राहून स्वतःची मत्ता वाचायचं. घर, दागिना, पासबुक, शेळ्या-कोंबड्या, जे नावावर असेल ते. शेवटी लोकांकडे बघून एक वाक्य म्हणायचं, "याखेरीज माझ्या नावावर काही नाही." मग ज्याला हवं त्याने प्रश्न विचारावा.

शाळा नवी असताना गावात बोलवा उठली होती, की बाई मुलींच्या नावावर देणग्या खाते. ताई तशाच उठून बाजारात गेल्या, एका गुळाच्या गाडीवर उभ्या राहिल्या आणि शाळेच्या हिशेबाबरोबर आपल्या ट्रंकेतल्या लुगड्यांपर्यंत सगळं वाचून दाखवलं. तेव्हापासून एकोणीस वर्षं हे चाललं होतं. लोकांना त्याची गोडी लागली होती. आमची स्वयंपाकीण गयाबाई सगळ्यात आधी वाचायची, म्हणजे पाठ म्हणायची. तिने दोन शेळ्या सांगितल्या की कुणीतरी ओरडायचंच, "तिसरी कुटं गेली गं?" गयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "तुझ्याच मेव्हन्याला इकली, पैसं आजून दिलं न्हाईत." बाजार खो खो हसायचा. आणि सगळ्यांचं वाचून झालं की भाजीवाल्या बाया पुढे येऊन आपापलं बोलायच्या. एक म्हणायची, दर मंगळवारी पाच किलो कांदे माझे. दुसरी म्हणायची, मेथी माझी. चाळीस मुलींचं वर्षाचं कालवण त्या ओट्यावर ठरायचं. धनिकांच्या देणग्या यायच्या-जायच्या. पोट चालायचं ते बाजारावर, आणि बाजार द्यायचा तो या वाचनाच्या भरवशावर.

त्या वर्षी माझ्या यादीत एक नवी गोष्ट होती. साडेतीन एकर जमीन.

ती माझी नव्हती. मुली राहत होत्या तो भाड्याचा वाडा सोडावा लागणार होता, म्हणून शाळेला वसतिगृह बांधायला जागा हवी होती. शिवाराच्या कडेला एक रान विकायला निघालं, पण शेतजमीन संस्थेच्या नावावर घ्यायची तर सरकारची परवानगी लागते आणि तिला वर्ष-दीड वर्ष जातं. विकणारा थांबायला तयार नव्हता. वकिलाने तोडगा काढला, की शेतकरी असलेल्या कुणाच्या तरी नावावर आत्ता घ्या, परवानगी आली की फिरवून घ्या. ताई शाळामास्तरची मुलगी, त्यांच्या नावावर शेताचा तुकडा नाही. माझं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर होतं. ताईंनी विचारलं आणि मी फुशारून हो म्हटलं. एवढ्या शाळेत ताईंनी भरवसा ठेवला तो माझ्यावर, याचा मला इतका अभिमान वाटला, की खरेदीखतावर अंगठा उठवल्यावर त्या शाईसकट घरी गेले आणि दोन दिवस ती शाई धुतली नाही.

आता तिथे वसतिगृहाच्या भिंती छातीएवढ्या आल्या होत्या. परवानगी आली नव्हती. आणि भानुदास, जो चार पानांचं साप्ताहिक काढायचा आणि प्रत्येक अंकात कुणाची ना कुणाची लक्तरं टांगायचा, तो तलाठ्याकडून कागदांची सुरळी घेऊन निघाला होता.

वाचनाला दीड महिना होता. तो दीड महिना मी कसा काढला, माझं मला ठाऊक. ओट्यावर उभं राहून जमीन सांगावी, तर शाळेच्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर घेतलेली जमीन, म्हणजे भानगड. सरकारने ओढून घेतली तर? खटला झाला तर नाव माझं. न सांगावी, आणि भानुदासने उभं राहून सातबारा फडकवला, तर मी भर बाजारात चोर. दोन्हीकडून विचार केला तरी बेडी माझ्याच हातात पडायची. दारावर थाप पडली की मी आधी खिडकीच्या फटीतून बघायची. एकदा पोलिसांची जीप शाळेत आली. शाळेत मतदान केंद्र व्हायचं होतं, ते खोल्या बघायला आले होते. मी कोठीघरात ज्वारीच्या पोत्यांमागे जाऊन बसले. गयाबाई पीठ घ्यायला आली आणि मला बघून किंचाळली. मी तिला सांगितलं, उंदीर बघत होते.

घरी नवरा होता. धनाजी एस.टी. डेपोत मेकॅनिक, स्वभावाने गरीब. एका सकाळी न्याहारी करता करता मी त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे भाकरी मोडत राहिले.

"कागदावर नाव कुनाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"माझं. पण पैसे शाळेचे आहेत ना!"

"आसं कागदावर लिवलंय का कुटं?"

"अहो, काय बोलताय? तिथं मुली राहणार आहेत."

"मी कुटं काय म्हनतोय?" त्यांनी पाणी प्यायलं. "बायपास तिकडनं जानार हाय. मोजनीवाले येऊन गेले. त्या रानाला उद्या सोन्याचा भाव येईल. बोललीस तर गेलं. गप बसलीस तर कुनाच्या बापाचं काय जातंय? आपल्याला दोन लेकरं हायेत, एवढंच म्हनलं."

मी चिडून पातेलं आदळलं. पण कार्यालयात टायपिंग करताना त्या दिवशी माझ्याकडून देणगीदाराच्या पत्त्यात 'बायपास रोड' असं टाइप झालं. कागद फाडून मी नवा लावला.

आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, मी ताईंच्या खोलीत गेले. त्या मुलींच्या वह्या तपासत होत्या.

"ताई, मला उद्या ताप येईल."

"आदल्या दिवशी सांगून येणारा ताप मी पहिल्यांदाच बघतेय," ताई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला. "बस. काय झालं?"

मी बसले आणि रडायलाच लागले. "भानुदासकडे सातबारा आहे. तो पहिल्या रांगेत बसणार आहे. मला धरून नेतील, ताई."

"कुणी नेत नाही. ऐक माझं. जमिनीचं तू काही बोलायचं नाहीस. ते मी बोलणार आहे. व्यवहार मी ठरवला, घाई मी केली, तुझं फक्त नाव घेतलं. मग त्याचा जाब मीच द्यायचा."

"पण शेवटचं वाक्य? याखेरीज काही नाही, असं कसं म्हणू?"

"ते म्हणूच नकोस. यादी वाच आणि खाली बस. पुढचं माझ्याकडे."

"मग तुम्ही आधी वाचा. माझ्या आधी."

ताईंनी मान हलवली. "क्रम नाही मोडायचा. प्रमुखाने शेवटी वाचायचं, ते उगाच नाही. सगळे प्रश्न त्याच्यापाशी येऊन थांबतात, खालच्यांना कुणी छळत नाही."

"आणि सरकारने जमीन घेतली तर?"

"वकिलांना विचारलंय. आपण होऊन सांगितलं तर दंड भरून सुटका होईल. लपवलेलं सापडलं तर मात्र नाही. म्हणून तर उद्या चारचौघांत बोलायचं." त्यांनी पदराने माझे डोळे पुसले, लहान मुलींचे पुसायच्या तसे. "इतकी घाबरट कशी गं तू? जा, तोंड धू."

मी तोंड धुतलं. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मंगळवारी बाजार फुलला होता. ओट्यासमोर सतरंज्या टाकलेल्या, पुढे आमच्या चाळीस मुली निळ्या फ्रॉकमध्ये. त्यांच्या समोर तोंड करून त्यांच्या शिक्षिका उषाबाई बसल्या होत्या. वाचन चालू असताना त्या सगळं हातांच्या खुणांनी मुलींना सांगायच्या. मुलींनी आम्हा प्रत्येकाला एकेक खूण ठेवली होती. ताईंची खूण चष्म्याची. गयाबाईची भाकरी थापायची. माझी म्हणजे तळहातावर बोटाने लिहायची.

भानुदास खरंच पहिल्या रांगेत होता. धनाजी मागे, रसवंतीच्या खांबाला टेकून उभे होते. डेपोतून सुटी काढून ते आले होते. यापूर्वी ते कधी आले नव्हते.

हिशेब वाचून झाला. तो मीच वाचला; एका देणगीदाराचं नाव मी दोनदा वाचलं. मग गयाबाई, हुसेनभाई, शिक्षिका. हसणं, टाळ्या. मग उषाबाईंनी बोटाने तळहातावर लिहिल्यासारखं केलं आणि मी उठले.

मी कागद दोन्ही हातांनी धरला. "सावळेगावात दोन खोल्यांचं घर, नवऱ्याच्या नावावर. माहेरच्या जमिनीत भावांबरोबर हिस्सा, तो कसते भाऊ. एक मंगळसूत्र, एक जोडी कुड्या. बँकेत तीन हजार चारशे रुपये. एक शिलाई यंत्र."

यादी संपली. आता खाली बसायचं होतं. मी भानुदासकडे बघितलं. तो शेंगदाणे खात होता. मांडीवर कागदाचा द्रोण आणि वही बंद. माझ्याकडे त्याचं लक्षसुद्धा नव्हतं, तो कुठल्याशा बाईच्या कडेवरच्या पोराला डोळे मिचकावून हसवत होता. नंतर मला कळलं, त्या दिवशी तलाठ्याकडून त्याने नेले ते त्याच्याच भावकीच्या वाटणीचे कागद होते. आणि मत्तावाचनात तो विचारणार होता ते शाळेच्या जीपला डिझेल जास्त का लागतं, हे.

मी उभीच होते. बाजार वाट बघत होता.

"याखेरीज माझ्या नावावर काही नाही," मी म्हटलं आणि खाली बसले.

ताईंनी माझ्याकडे मान वळवून बघितलं. एकदाच. मग त्या उठल्या, चष्मा लावला आणि नेहमीची यादी वाचली. चार लुगडी, एक घड्याळ, पोस्टातलं खातं. मग कागद घडी करून त्यांनी ब्लाउजमध्ये खोचला आणि कागदाशिवाय बोलायला लागल्या.

"आता एक अशी गोष्ट सांगायची आहे, जी माझ्या नावावर नाही पण माझ्या डोक्यावर आहे. वसतिगृह बांधतोय ती साडेतीन एकर जमीन शाळेच्या पैशाने घेतली, तुमच्या पैशाने. परवानगी नव्हती म्हणून मी ती आमच्या कलाच्या नावावर घेतली. हे करायला नको होतं. मी घाई केली. परवानगी आली की ती शाळेच्या नावावर होईल, दंड पडला तर भरू. तुमच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून आज सांगतेय."

उषाबाईंचे हात चालले होते. जमीन, भिंत, पैसे. मग त्यांनी तळहातावर बोटाने लिहिलं. आणि चाळीसच्या चाळीस मुली एकदम माझ्याकडे वळून बघायला लागल्या. बाजारात सगळीकडे कालवा चालू होता, पण त्या मुलींच्या रांगेतून काहीही आवाज येत नव्हता आणि त्या नुसत्या बघत होत्या. त्या क्षणी मला जितकी भीती वाटली तितकी त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही. मी ओट्याची कड घट्ट धरली.

भानुदासने शेंगदाण्यांचा द्रोण खाली ठेवला आणि उभा राहिला. त्यालाही हे नवीनच होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"ताई, एक विचारतो. तुमी म्हनता जमीन वहिनींच्या नावावर हाय. वहिनी आत्ता म्हनल्या, काय बी न्हाई. आता आमी खरं कुनाचं मानायचं?"

अगदी मागचा मीठवालासुद्धा तराजू धरून उभा राहिला.

"सांगा की वहिनी," भानुदास म्हणाला. "जमीन हाय का न्हाई?"

"आहे," मी म्हटलं.

"मग लपवलीत कशापायी?"

तोंड उघडलं तेव्हा काय निघणार ते मला ठाऊक नव्हतं, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं.

"ताईंनीच सांगितलं होतं," मी म्हटलं. "बोलू नकोस म्हणून."

हे खरं होतं. काल दुपारी ताई तसंच म्हणाल्या होत्या. त्याच्या पुढचं, 'ते मी बोलणार आहे', हे मी सांगितलं नाही. शेवटचं वाक्य म्हणू नकोस असं बजावलं होतं, तेही सांगितलं नाही.

भानुदास ताईंकडे वळला. "खरंय का हे, ताई?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. वाट बघत होत्या, की मी पुढचं बोलेन. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. लहानपणी विहिरीत पडलेली बादली काढताना गळ वर येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा, तसं झालं होतं.

"सांगितलं होतं," ताई म्हणाल्या.

"बोलू नको म्हनून?"

"हो. बोलू नकोस म्हणून."

आणखी एक शब्द त्यांनी उच्चारला नाही. मागून कुणीतरी शिट्टी मारली. कुणी म्हणालं, एकोणीस वर्षं नाटकच की मग. सोजरबाई नावाची म्हातारी पुढे बसली होती, दर मंगळवारी आम्हाला वांगी देणारी. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि ताईंच्या अगदी समोर आली.

"ताई, तुमी बी?" ती म्हणाली.

सोजरबाई उत्तरासाठी थांबली, मग आपली पाटी उचलून चालायला लागली. तिच्यामागे बाकीच्या उठल्या. त्या मंगळवारी कांदे कुणी बोललं नाही आणि मेथीही नाही. मुलींना काय झालं ते कळत नव्हतं. त्या उषाबाईंच्या हातांकडे बघत होत्या आणि उषाबाईंचे हात मांडीवर पडले होते.

गर्दी पांगली तेव्हा मी रसवंतीकडे बघितलं. धनाजींनी लांबूनच मान डोलावली, शाबासकी दिल्यासारखी. मग ते डेपोकडे गेले.

दुपारी तीनला ताईंनी मला खोलीत बोलावलं. मी दारातच उभी राहिले. आता त्या बोलतील, ओरडतील, कदाचित कानफटातही देतील असं मला वाटत होतं. मी मनाची तयारी करून आले होते, पायावर पडायची सुद्धा.

"कागद घे," ताई म्हणाल्या. "विश्वस्त मंडळाच्या नावाने लिही."

मी खुर्चीवर बसले, पेन उघडलं.

"मत्तावाचनात जमिनीची माहिती दडवून ठेवण्यास मी कर्मचाऱ्यास सांगितले. त्याची जबाबदारी घेऊन मी प्रमुखपदाचा राजीनामा देत आहे. तारीख घाल."

मी लिहिलं. शब्द न् शब्द लिहिला. माझं अक्षर त्या दिवशी नेहमीसारखंच आलं.

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. कुठेही अडखळले नाही. ताईंनी सही केली, पेन परत दिलं आणि खुर्ची ओढून माझ्या समोर बसल्या. इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्या हळू आवाजात बोलल्या, ज्या आवाजात आजवर मी त्यांच्याशी बोलत आले होते.

"कला, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचारा की, ताई."

"परवानगी आली, की जमीन शाळेच्या नावावर करून देशील ना गं? सही करशील ना?" त्यांनी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते. "तुला मी काही बोलले नाही. कुणापुढेही बोलणार नाही. तू म्हणशील तेच खरं. फक्त तेवढी सही कर. पोरींना दुसरी जागा नाही."

तेव्हा मला कळलं की सकाळी ओट्यावर ताई गप्प का राहिल्या. त्यांनी मला खोटं पाडलं असतं, तर बाजार त्यांच्या बाजूने उभा राहिला असता. पण सातबारा माझ्या हातात होता, आणि दुखावलेल्या, भर बाजारात चोर ठरलेल्या बाईने सही केली नसती तर चाळीस मुलींनी जायचं कुठे? त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला आणि एकोणीस वर्षांचं नाव माझ्या पदरात टाकलं. दीड महिना मी भानुदासला भ्यायले, पोलिसांना भ्यायले, दारावरच्या थापेला भ्यायले. आणि रजनीताई उपळेकर मला भीत होत्या.

सही मी केली. पुढच्या वर्षी दंड भरून जमीन शाळेची झाली, वसतिगृह झालं, बाजारही सोजरबाईपासून हळूहळू परत आला. ताई पुण्याला भाचीकडे राहायला गेल्या आणि चार वर्षांनी तिथेच वारल्या. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मला शाल-श्रीफळ दिलं. ते शेवटचं वाक्य सवयीने तोंडातून गेलं, असं मी सगळ्यांना सांगत आले आणि सगळ्यांनी ते मानलं, कारण इतक्या वर्षांची सवय कुणाला नाही कळत? पण सवयीने गेलं नव्हतं. भानुदास शेंगदाणे खाताना दिसला, याला काहीच ठाऊक नाही हे मला कळलं, आणि मी मनात म्हटलं, कुणालाच ठाऊक नाही. कदाचित ताईंचीही जीभ रेटायची नाही. मग ती जमीन माझी. एवढा सगळा विचार करून मग मी ते वाक्य म्हटलं होतं. त्यात भीतीचा लवलेश नव्हता.

आणि त्या दुपारीही नव्हता. ताई समोर बसून उत्तराची वाट बघत होत्या. मी राजीनाम्याची घडी घातली. पाकीट शोधलं. पाकिटावर विश्वस्त मंडळाचा पत्ता लिहिला, खाली सुबक रेघ ओढली. डिंकाची बाटली उघडली, पाकीट चिकटवलं, वरून तळहात फिरवला. पेनाचं टोपण लावलं. ताईंचे डोळे माझ्या हातांवरून हलत नव्हते. हो म्हणायचं हे माझं केव्हाच ठरलं होतं.

तरी मी आधी शाईचा डाग पुसला, आणि मग म्हटलं, "करीन."